घर रिकामं करण्याआधी घरातल्या वस्तूंचे फोटो (ठाणे, नवी मुंबई)

घंटाळीकर

नौपाडा, घंटाळी, चरई, पाचपाखाडी या भागात सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पुनर्विकासाला निघालेली दिसते. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींतही तेच चाललंय. नवीन घर मिळणार याचा आनंद असतोच. पण घर रिकामं करायचे ते शेवटचे आठवडे फार घाईचे असतात. भाड्याच्या घरात जागा नसते, भंगारवाला खाली उभाच असतो, आणि दोन-तीन पिढ्यांनी वापरलेल्या वस्तू किलोच्या भावाने जातात. सगळं सांभाळून ठेवा असं मी म्हणणार नाही, कुणालाच ते जमत नाही. पण वस्तू जाण्याआधी तिचा नीट फोटो काढावा आणि ती ज्यांनी वापरली त्यांच्याकडून तिच्याबद्दल ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी हा धागा काढतोय.

मी हौसेने फोटो काढतो. आमच्या आणि शेजारपाजारच्या घरांतून हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. वस्तू हलवण्याआधी, घासण्याआधी, ती रोज जिथे असते तिथेच तिचा पहिला फोटो घ्या. पितळी डबा पितांबरीने लख्ख करून पांढऱ्या चादरीवर ठेवला की तो कुठल्याही दुकानातला डबा होतो. तोच डबा ओट्याखालच्या फळीवर, शेजारी तेलाची बरणी, अंग काळवंडलेलं आणि झाकणावर रोज अंगठा टेकतो तेवढाच भाग उजळ, असा घेतला तर त्यात ते घर येतं.

मी आधी झिजलेली जागा शोधतो. टाकी देऊन देऊन पाट्याच्या मध्यभागी पडलेला खळगा, चपटा झालेला वरवंटा, विळीच्या पात्याची आत गेलेली धार. शेजारच्या आजींच्या कालथ्याची कड घासून तिरकी झाली आहे, आणि ती आपल्या कालथ्यांच्या बरोबर उलट्या बाजूला, कारण आजी डावखुऱ्या. आजी उद्या नसल्या तरी त्यांचा हात त्या कालथ्यात राहणार आहे. घाईत काढलेल्या फोटोत ही कड दिसत नाही, तिच्यासाठी जवळ जावं लागतं.

दुसरी गोष्ट, माणूस आणि वस्तू एकत्र. “फोटोसाठी धरा” म्हटलं की माणूस अवघडतो. “हे कसं वापरायचात ते दाखवा ना” म्हटलं की हात आपोआप आपल्या जागी जातात. एका काकूंना पितळी पंपाचा स्टोव्ह दाखवायला सांगितला. त्यात रॉकेल नव्हतं, काही नव्हतं. तरी त्यांनी काकडा बर्नरला लावल्यासारखा केला, बर्नर तापेपर्यंत थांबल्या, मग पंप मारला आणि सवयीने पिन शोधायला कोनाड्याकडे हात नेला. त्या कोनाड्यात आता वायफायचा डबा आहे. मी फोटो काढत होतो आणि बाजूला दुसऱ्या फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड होत होतं. रॉकेलची रांग, रेशनकार्ड, स्टोव्हचा आवाज थांबला की घरात वाटणारी शांतता, सगळं त्या दहा मिनिटांत आलं.

तिसरी गोष्ट, कुणी वस्तू म्हणून मोजत नाही अशा वस्तू. कालनिर्णय १९७३ सालापासून निघतंय आणि कित्येक घरांत त्याची जुनी वर्षं एकावर एक खिळ्याला लटकलेली असतात. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या, “दादा येणार”, “आईचं ऑपरेशन”. डायरी न लिहिणाऱ्या बाईची ती डायरी आहे. रद्दीत द्यायच्या आधी पान न पान फोटोत घ्या.

तुमच्याकडे काय काय निघालं, काढताना काय अडलं, सगळं लिहा.

पामबीचची सकाळ

धागा आवडला. आम्ही सानपाड्याहून याच वर्षी हलणार आहोत, त्यामुळे अगदी वेळेवर आला. एक अडचण लगेच विचारते. स्टील आणि पितळेच्या भांड्यांत मी, माझा फोन आणि मागची ट्यूबलाइट सगळं दिसतं. भांडं मात्र दिसत नाही. आणि फोटोतला तांब्या नेहमी फुगलेला वाटतो. यावर काय करायचं?

घंटाळीकर

ट्यूबलाइट आणि घरातले सगळे दिवे आधी बंद करा. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांचे रंग वेगळे असतात, दोन्ही मिसळले की पितळ एका बाजूने हिरवट दिसतं. फक्त खिडकीचा उजेड ठेवा आणि खिडकीला बटर पेपर किंवा पांढरी पातळ साडी लावा. चकाकणाऱ्या भांड्यात समोरचं सगळं उमटतंच, ते टाळता येत नाही. म्हणून समोर काय असावं ते आपण ठरवायचं. मोठा पांढरा उजळ भाग उमटला तर भांड्याचा गोलवा छान उठून येतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोल किंवा पांढरा कार्डशीट उभा करा, सावलीतला भाग उजळेल. स्वतः गडद रंगाचे कपडे घाला.

फुगवट्याचं कारण फोनची रुंद लेन्स. खूप जवळून काढलं की पुढचा भाग मोठा दिसतो. दोन पावलं मागे सरका आणि दुप्पट झूम करून घ्या. पोर्ट्रेट मोड नको, तो भांड्याचा काठ आणि कडी खाऊन टाकतो. पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे चकाकीच्या जागा पांढऱ्याफटक होणार नाहीत. श्रावणातला ढगाळ दिवस या कामाला सगळ्यात चांगला.

नोंदवही

घंटाळीकर, तुमच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण पांढऱ्या चादरीवरचा फोटो तुम्ही फारच लवकर निकालात काढलात असं वाटतं. मी अनेक वर्षं एका संग्रहालयात नोंदणीचं काम केलं आहे. जागेवरच्या फोटोत वातावरण येतं हे खरं, पण वस्तूचा आकार, सांधा, डाग, तळाचा छाप यातलं काहीच धड कळत नाही. चाळीस वर्षांनी कुणाला ते भांडं कसं जोडलं होतं हे पाहायचं असेल तर साध्या पार्श्वभूमीवर, शेजारी पट्टी ठेवून, समोरून, बाजूने आणि तळाकडून काढलेला फोटोच उपयोगी पडतो.

वस्तूंची यादी म्हणून फोटो हा विचार फोटोग्राफीइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४४ साली छापलेल्या छायाचित्रांत फळ्यांवर मांडलेल्या चिनीमातीच्या कप-बश्यांचा एक फोटो आहे. कितीही अवघड आकाराच्या वस्तू असोत, लिहून काढायला लागतो त्याहून कमी वेळात त्यांची सगळी यादी होते, आणि पुढेमागे चोरी झालीच तर हा मूक पुरावा कोर्टात चालेल का, असा प्रश्न त्याने तेव्हाच मांडला होता.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. अडकित्ते, दिवे, किसण्या, कुलपं, वज्र्या, म्हणजे आपल्याच आज्या-पणज्यांच्या हातातल्या वस्तू. दिनकर केळकरांनी त्या गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं. १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हाती सोपवला. तिथे वस्तू काचेमागे, मूळ घरापासून तुटलेल्या आहेत, तरी माणसं तासन्‌तास थांबतात, कारण त्यांना ती वस्तू चारी बाजूंनी नीट पाहता येते.

तेव्हा दोन्ही काढा. आधी जागेवर, मग साध्या कापडावर. न घासता मात्र दोन्हीकडे, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. काळवंडणं आणि आतली उडालेली कल्हई हा त्या भांड्याच्या वयाचा पुरावा आहे.

उंबरा

नेरुळला आमचं घर हलवताना माळ्यावरून भांड्यांचं पोतं खाली आलं. घंगाळ, परात, तांबे, पिंप, फुलपात्री. बहुतेकांवर नावं घातलेली. तुमच्याकडेही असतीलच. लग्न, मुंज, डोहाळजेवण, कशातही दिलेलं भांडं नाव घातल्याशिवाय दिलं जात नसे. भांड्यांच्या दुकानातला माणूस छिन्नीने ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं काढायचा, पुढे विजेवरची छोटी यंत्रं आली आणि अक्षरं सलग झाली. आधी कुणाला, मग कुणाकडून, खाली तारीख.

मी ती भांडी तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. एका टोकाला तांबं आणि पितळ, मग हळूहळू स्टील, आणि एका सालानंतर एकही पितळी भांडं नाही. कुठे देणाऱ्याच्या नावाआधी रावसाहेब, कुठे “कचेरीतील मित्रमंडळ”, कुठे नुसतं “मामाकडून”. कुणाचं कुणाशी येणंजाणं होतं आणि ते कधी थांबलं, हे भांड्यांवरून कळत होतं.

त्यात एक लहानसा तांब्या होता, त्यावरचं बाईचं नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते माझं.” लग्नात त्यांचं नाव बदललं होतं, पहिलं आणि आडनाव, दोन्ही. त्यांच्या जन्माची नोंद सापडत नाही, शाळेचा दाखला कधी काढलाच नाही. रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, सगळीकडे सासरचं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव अख्ख्या जगात त्या एका तांब्यावर लिहिलेलं आहे. माझ्या मुलांना आजीचं हे नाव माहीतच नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं.

मग त्या दुपारभर बोलत राहिल्या. गावातली शाळा, नदीवरचा घाट, मैत्रीण, मैत्रिणीचं लवकर झालेलं लग्न. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना त्या नावाबद्दल कधी बोलताना ऐकलं नव्हतं. नाव इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, मोडीत भांडी घालण्याआधी प्रत्येक भांडं फिरवून बघा. काठावर, गळ्याखाली, तळाला. तुमच्या आईचं, आजीचं, आत्याचं लग्नाआधीचं नाव कदाचित तिथेच असेल आणि दुसरीकडे कुठेही नसेल.

आता अडचण. अक्षरं घासून घासून पुसट झालीत. हातात धरून तिरकं केलं की वाचता येतात, फोटोत अजिबात येत नाहीत.

जास्वंद

उंबरा, वाचून उठले आणि आधी आईला फोन केला. तिच्या लग्नातल्या परातीवर तिचं माहेरचं नाव आहे, परात मावशीकडे आहे. उद्याच आणायला जातेय.

नोंदवही

उंबरा, हातात तिरकं धरल्यावर वाचता येतं, यातच उत्तर आहे. खोली पूर्ण अंधारी करा. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर पक्का ठेवा, बरोबर अक्षरांसमोर. एक साधी विजेरी घ्या आणि भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून अगदी बाजूने उजेड टाका. खोदलेल्या प्रत्येक ठिपक्याच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. शिलालेख आणि जुनी नाणी वाचायलाही हीच पद्धत वापरतात. विजेरी डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून फिरवत प्रत्येक वेळी एक फोटो घ्या, कारण आडव्या रेघा एका दिशेने दिसतात आणि उभ्या दुसऱ्या. फोन हलू देऊ नका, तीन सेकंदांचा टायमर लावा. मग सगळे फोटो शेजारी ठेवून वाचा. जो मजकूर लागेल तो लगेच लिहून ठेवा आणि न लागलेल्या अक्षरांच्या जागी अंदाजाने काही भरू नका, टिंबं द्या.

आणखी एक साधा उपाय. अक्षरांवर पातळ कागद घट्ट धरून वरून मऊ पेन्सिल आडवी घासा. ठसा उमटतो. त्या ठशाचा फोटो काढा.

खाडीपलीकडे

आमचं गाव ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचं. इथे सगळे इमारतींबद्दल लिहीत आहेत, मला वेगळं सांगायचंय.

सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. आमची भाताची खाचरं त्यात गेली, खाडीकाठचं मीठही गेलं. जमीन गेली, पण तिची अवजारं आणि भांडी घरात राहिली. पडवीत धान्य मोजायची लाकडी पायली आहे, अधोली आहे, शेर आहे. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. पायलीला लोखंडी पट्टी आणि कडेला वजनमाप खात्याचा ठसा. माळ्यावर बांबूचं इरलं आहे, त्याची पानं केव्हाच झडली, नुसता सांगाडा उरलाय. आणि मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं.

घंटाळीकर, तुम्ही म्हणता वस्तू जागेवर असताना काढा. आमच्याकडे वस्तू आहे, जागा नाही. पायलीची जागा खळ्यात होती. खळ्यावर आता सेक्टर आहे, रस्ता आहे, वर बारा-बारा मजले आहेत.

मी काय केलं ते सांगतो. बाबांना गाडीत बसवलं, फावडं मागे टाकलं, आणि म्हटलं आपली मिठाची जागा दाखवा. ते एका नाल्याच्या कडेला थांबले आणि समोरच्या मैदानावर फावड्याच्या दांड्याने दाखवायला लागले. इथून पाणी घ्यायचं, इथे तापवायचं, इथे रास. मग शेतांची नावं. आमच्या प्रत्येक खाचराला नाव होतं, एखाद्या माणसाचं, झाडाचं, आडाचं. ती नावं सात-बारावर नव्हती, माणसांच्या तोंडात होती. बाबांनी एकेका इमारतीकडे बोट दाखवत ती सगळी घेतली. मी प्रत्येक नावाला एक फोटो काढला. बाबा, हातात फावडं, मागे ती इमारत. सुरक्षारक्षक आले, त्यांना सांगितलं काय चाललंय. त्यातला एक कोकणातला होता, तो बाबांच्या शेजारी उभा राहून ऐकत राहिला.

१९८४ च्या जानेवारीत उरण-जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांचं नेतृत्व होतं, हे सगळं लिहिलेलं आहे. पण कुठल्या खाचराला काय म्हणायचे हे कुणी लिहिलेलं नाही. आमच्या आळीत ती सगळी नावं येणारी तीन-चारच माणसं उरली आहेत. गावात ज्यांच्या घरी अवजार आहे त्यांनी म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकदा त्या जागेवर उभं राहावं. फोटो साधा आला तरी चालेल.

घंटाळीकर

खाडीपलीकडे, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचा मुद्दा हा धागा पुढे नेणारा आहे. जागा नसेल तर माणूस जागा दाखवतो, आणि तो हात फोटोत आला की झालं. तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोला त्या खाचराचं नाव आणि फोनमधलं ठिकाण जोडून ठेवा. पुढे कुणाला नकाशा करायचा झाला तर त्यावरून करता येईल. मला या कामात तुम्हाला मदत करायला आवडेल, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

तिसरी पाळी

ऐरोलीला राहतो, वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. १९६२ पासूनची एमआयडीसीची ती पहिली वसाहत, आता कारखान्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत. वडिलांकडे त्यांचा दोन पुडांचा डबा, पत्र्याचा नंबराचा बिल्ला आणि व्हर्निअर कॅलिपर आहे. फोटो चांगले आले. पण वडील बोलत नाहीत. “याची काही आठवण?” विचारलं की “काय असणार, डबा आहे” म्हणतात. इथल्या बाकीच्यांचे आईवडील इतके बोलले हे वाचून मनात येतं की आम्ही कुठे कमी पडतोय. काय करावं?

उंबरा

तिसरी पाळी, “आठवण सांगा” हा प्रश्नच फार मोठा आहे, त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. छोटं विचारा. डबा कोण भरायचं, किती वाजता? वरच्या पुडात काय, खालच्यात काय? जेवायला बसायचात कुठे, यंत्राशेजारी की बाहेर? शेजारी कोण बसायचं? त्याच्या डब्यात काय असायचं? रात्रपाळीला डबा गरम कसा करायचात? आणि समोरासमोर बसून विचारू नका. हातात काहीतरी काम असू द्या. शेंगा सोलत बसा.

तिसरी पाळी

उंबरा, फार आभार. शेजारी कोण बसायचं या प्रश्नावर सुरू झाले ते थांबलेच नाहीत. शेजारी एक वेल्डर बसायचे, ते रोज एक पोळी जास्त आणायचे, कारण आमच्या वडिलांची पाळी कधी कधी लांबायची. कारखाना बंद झाला आणि ते कुटुंब गावी गेलं. व्हर्निअर त्यांनीच दिलेलं आहे. मला वाटायचं कंपनीचं आहे. व्हर्निअरच्या पाठीवर विजेरी फिरवून बघितली नोंदवहींनी सांगितली तशी. दोन अक्षरं खोदलेली आहेत, त्या वेल्डरांच्या नावाची.

वडील म्हणतात, त्यांच्या गावी चिठ्ठी टाकू या. पत्ता त्यांना पाठ आहे.

कौलारू

मला थोडी काळजी वाटते ती मांडतो. एकदा फोटो काढला की वस्तू टाकायला आपण मोकळे होतो, असं होत नाही का? माझ्या चुलतभावाने सगळ्याचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी सगळं दिलं. ते फोटो त्याने परत उघडले असतील असं मला वाटत नाही.

नोंदवही

कौलारू, तुमची शंका बरोबर आहे आणि तिच्यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात वसतिगृहांतून जुन्या वस्तू गोळा करायच्या होत्या. जिथे विद्यार्थ्यांना आवडत्या वस्तूंचे आधी फोटो काढायला सुचवलं तिथे जास्त वस्तू दिल्या गेल्या. संशोधकांनी ते २०१७ साली प्रसिद्ध केलं. वस्तू सोडताना आपल्याला भीती असते ती आठवण जाण्याची, आणि फोटो ती भीती कमी करतो. मला यात वाईट काही दिसत नाही. मोदकपात्र धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या स्वयंपाकघरात वाफ धरत असेल तर चांगलंच.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. कॅमेऱ्यावर सोपवलं की मन पाहायचं थांबतं. पण ज्यांना वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण नुसतं पाहणाऱ्यांइतकीच शाबूत राहिली. त्या भागाचीच नव्हे, सगळ्या वस्तूची.

म्हणून घंटाळीकरांचं झिजलेल्या जागेजवळ जाणं मला फार योग्य वाटतं. तुमच्या चुलतभावाने बहुधा दारात उभं राहून सगळं एकदम टिपलं असेल. थोड्या वस्तू निवडा आणि प्रत्येकीपाशी बसा.

जास्वंद

माझं मत थोडं वेगळं आहे. एखादी तरी वस्तू ठेवाच. माझ्या आजीला शेवटी माणसं ओळखता येत नव्हती. तिला फोटो दाखवले तर ती बाजूला ठेवायची. पण पोळपाट-लाटणं हातात दिलं की ती लाटायला बसायची आणि ओव्या म्हणायची, सलग, न अडखळता. वजन, गारवा, वास हे फोटोत येत नाही. फोटो सगळ्यांचे काढा, पण हातात धरायला एखादी वस्तू घरात राहू द्या.

कौलारू

हे पटलं. चुलतभावाकडून अजून काही परत मिळतंय का विचारतो, खलबत्ता तरी.

नोंदवही

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. असे फोटो इथे किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यात काय काय दिसतंय ते तपासा. भांड्यावर पूर्ण नाव, जुन्या पाकिटावर पत्ता, रेशनकार्ड, पासबुक. ज्यांची वस्तू आहे त्यांना विचारा. उंबरांनी नाव लिहिलं नाही ते अगदी योग्य केलं.

साठवताना व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो मूळ म्हणून ठेवू नका. पाठवताना ते लहान होतात आणि फोटोतली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आवाजाची फाइल आणि फोटो एकाच नावाने ठेवा, नाहीतर वर्षभराने कुठलं बोलणं कुठल्या वस्तूचं हे लागत नाही.

पामबीचची सकाळ

बटर पेपर आणि मागे सरकून झूम, दोन्ही जमलं. घंगाळ इतकं सुंदर आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आता एक शेवटची शंका. फोटोंचेच जुने अल्बम आहेत, चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले. फोटो पानाला चिकटून बसलेत, ओढले तर फाटतील अशी भीती वाटते. आणि एका डब्यात निगेटिव्ह आहेत, त्या टाकून द्यायच्या का?

घंटाळीकर

निगेटिव्ह अजिबात टाकू नका. फोटोचे रंग उडाले असले तरी निगेटिव्हमध्ये बरंच शाबूत असतं, आणि अल्बममध्ये न लावलेले फोटोही तिथेच सापडतात. आपल्या हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून कागदी पाकिटात घालून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म खराब व्हायला लागली आहे, त्या वेगळ्या काढा आणि आधी त्याच स्कॅन करून घ्या.

अल्बमचं आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, प्लास्टिक असेल तसं. कुठला फोटो कुठल्याशेजारी लावला होता ही पण माहिती आहे. मग प्लास्टिक हलकेच उघडून, सुट्टे न करता, पानावरच प्रत्येक फोटो स्कॅन करा. ६०० डीपीआय ठेवा. सोडवायचेच असतील तर दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. इस्त्री, गरम हवा, पाणी काही वापरू नका. जो सुटत नाही तो पानासकट कापून ठेवा. सुटलेल्या फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात. मऊ पेन्सिल वापरा, आणि कोण, कुठे हे आईला शेजारी बसवून आजच लिहून घ्या.